उन्हाळ्याच्या बिलाला मदत हवी, पण अर्जाच्या रांगेशिवाय

जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी मतांसाठीच्या फुकट सवलतींना ‘रेवडी’ म्हटलं आणि फुकट विजेचा वाद पेटला. तो अजून विझलेला नाही. दिल्लीत २०१९ पासून २०० युनिटपर्यंत बिल शून्य, कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती ही घरगुती मोफत विजेची योजना, महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज. या वादात अमेरिकेत राहणारी आपली माणसं हमखास एक वाक्य टाकतात: “अमेरिकेत असलं काही फुकट मिळत नाही.” हे खरं नाही. मिळतं, आणि १९८१ पासून मिळतं. ते कसं मिळतं आणि कुठे अडतं, हे नीट पाहिलं तर महाराष्ट्राने काय घ्यावं आणि काय अजिबात घेऊ नये, दोन्ही कळतं.

योजनेचं नाव लो इन्कम होम एनर्जी असिस्टन्स प्रोग्रॅम, बोलण्यात ‘लायहीप’. वर्षाला साधारण चार अब्ज डॉलर केंद्र सरकार राज्यांना देतं, राज्यं आपापले नियम करून वाटतात. उत्पन्नाची कमाल मर्यादा संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या १५० टक्के किंवा राज्यातल्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या खाली येतात त्या रकमेच्या) ६० टक्के, यांपैकी जी जास्त असेल ती. दारिद्र्यरेषेच्या ११० टक्क्यांपेक्षा खाली मर्यादा आणायची राज्यांना मुभा नाही. पैसा सहसा थेट वीज, गॅस किंवा तेलाच्या कंपनीकडे जातो आणि बिलात जमा दिसतो.

अर्जाला सहसा घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक (तिथला सरकारी ओळख क्रमांक) लागतात. शिवाय अलीकडच्या महिन्याभराचा उत्पन्नाचा पुरावा, ताजं वीजबिल, घर ज्यावर तापतं त्याचं वेगळं बिल आणि भाडेकरार. अर्ज अडतात ते किरकोळ कारणांवर. हातात येणारा पगार लिहिला जातो, मोजला जातो तो कपातीआधीचा. बिल एकाच्या नावावर आणि अर्ज दुसऱ्याचा असतो. फोटोत ग्राहक क्रमांक कापला जातो. सगळ्यात वाईट म्हणजे कागद कमी असल्याचं पत्र येतं आणि ते जाहिरातींच्या टपालात पडून राहतं. मुदत गेली की अर्ज बाद. मंजुरी येईपर्यंत बिल भरत राहावं लागतं हेही अनेकांना ठाऊक नसतं. मधल्या काळात थकबाकी वाढते. भाड्यातच हीटिंग धरलेलं असेल तरी बहुतेक राज्यांत भाडेकरूला अर्ज करता येतो. न्यू जर्सीत करता येतो आणि तरीही कित्येकजण करतच नाहीत.

मुलाकडे राहायला आलेल्या ग्रीन कार्डधारक आईवडिलांबद्दल नेहमी विचारणा होते. लायहीपला फूड स्टॅम्पसारखी (गरिबांच्या अन्नखरेदीच्या मदतीसारखी) ग्रीन कार्डनंतर पाच वर्षं थांबायची अट नाही, पण घर म्हणजे एकत्र वीज वापरणारी सगळी माणसं. मुलाचा पगार धरला जातो, त्यामुळे बहुधा अर्ज बसत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेली व्यक्ती स्वतः पात्र नसते. २०२२ च्या नियमानुसार ही मदत ‘पब्लिक चार्ज’मध्ये, म्हणजे अर्जदार सरकारवर भार ठरेल का या ग्रीन कार्डच्या तपासणीत, मोजली जात नाही, मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नियमच काढून टाकण्याचा प्रस्ताव आला आहे. ग्रीन कार्डचं प्रकरण चालू असेल त्याने आधी वकिलाला विचारावं.

या योजनेतले दोन भाग मला मनापासून पटतात. पहिला आणीबाणीचा. वीज तोडण्याची नोटीस आली, घर तापवायचं टाकीतलं तेल संपलं, तर ४८ तासांत आणि जिवाला धोका असेल तर १८ तासांत काहीतरी मदत सुरू झालीच पाहिजे, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. दुसरा तोडणीबंदीचा, तो लायहीपच्या बाहेरचा, राज्यांचा. न्यू जर्सीत १५ नोव्हेंबर ते १५ मार्च ठरावीक गरजू ग्राहकांची वीज-गॅस तोडता येत नाही. ॲरिझोनात २०१८ साली थकबाकीपोटी वीज तोडल्यावर एका वृद्धेचा उष्णतेने जीव गेला. त्यानंतर तिथल्या नियामक आयोगाने उन्हाळ्यात तोडणी थांबवली. आता कंपनीने १ जून ते १५ ऑक्टोबर तोडायचं नाही, किंवा पारा ३५ अंश सेल्सिअसवर जाण्याचा अंदाज असेल तेव्हा तोडायचं नाही, यांपैकी एक नियम पाळायचा. ३५ अंश म्हणजे अकोल्यात मार्चमधली साधी दुपार.

आता जे घेऊ नये ते. लायहीप हा हक्क नाही. तिजोरी रिकामी झाली की खिडकी बंद, तुम्ही कितीही पात्र असा. वर्षाला सुमारे ६० लाख कुटुंबांना ती मिळते आणि हे पात्र कुटुंबांच्या फार तर पाचवा हिस्सा आहे. एप्रिल २०२५ मध्ये ती चालवणारे केंद्रातले कर्मचारी कामावरून काढले गेले. त्याच वर्षी ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प राहिलं आणि थंडी सुरू झाली तरी राज्यांकडे पैसा नव्हता. शिवाय योजना मुळात थंडीच्या काळजीतून आलेली. घर थंड ठेवायला मदत जवळपास निम्म्याच राज्यांत मिळते, न्यू जर्सीत तर त्यासाठी डॉक्टरचं पत्र लागतं.

या बाबतीत भारतातली युनिटची सवलत सरस आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. मीटर आहे त्याला ती बिलातच मिळते; फार तर एकदा नोंदणी करावी लागते, उत्पन्नाचे कागद घेऊन कुणाच्या टेबलासमोर उभं राहावं लागत नाही. पण तिची आखणी उन्हाचा विचार न करता झालेली आहे.

महावितरणचा दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांचा सवलतीचा दर घ्या. त्याला वर्षाला ३६० युनिटची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला ३०. साधा डेझर्ट कूलर २०० वॉट खातो. रात्रीचे दहा तास चालला की रोज दोन युनिट, एप्रिल ते जून १८० युनिट. वर्षाच्या मर्यादेतले निम्मे एका कूलरने संपवले. उरलेल्या १८० युनिटमध्ये बारा महिने दिवे, पंखा, टीव्ही आणि मोबाइल बसवायचे. नाही बसले तर तो दर हातचा जातो. चंद्रपूरच्या पत्र्याच्या घरात ४५ अंशांत झोपणाऱ्या माणसाला आपला नियम सांगतो की कूलर लावलास तर तू गरीब नाहीस. कर्नाटकात २०२२-२३ मधली मासिक सरासरी अधिक साधारण १० टक्के एवढी वीज मोफत आहे; वर्षाची सरासरी काढली की कलबुर्गीतला मे महिना त्यात विरघळून जातो.

दुसरी फट भाडेकरूंची. नागपूरच्या किंवा मुंबईच्या वस्तीत एका मीटरवर चार खोल्या असतात. एकत्र वापर ३०० युनिटच्या पुढे जातो, वरच्या टप्प्याचा दर लागतो आणि घरमालक सबमीटरवर आपला भाव लावतो. सवलत गरिबापर्यंत जातच नाही. २००३ च्या विद्युत कायद्याचं कलम ४३ मालकाला ‘किंवा राहणाऱ्याला’ जोडणी द्यायला सांगतं. प्रत्यक्षात मालकाच्या ना-हरकतीशिवाय काम हलत नाही. छतावरच्या सौर पॅनेलसाठीच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण त्याला स्वतःचं छप्पर लागतं.

म्हणून महाराष्ट्राने तीन गोष्टी कराव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत आहे, त्यांना एप्रिल ते जून दरमहा ६० युनिटची जादा सवलत आपोआप बिलात द्यावी आणि ती ३६० च्या हिशोबातून वगळावी. आकडे महावितरणकडे आहेतच, अर्ज कशाला? विद्युत कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे ही रक्कम सरकारने आगाऊ भरावी, नाहीतर तिचा बोजा पुन्हा इतर ग्राहकांच्या दरात येतो. दुसरं, त्याच कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीवर १५ दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते. हवामान विभागाचा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवसांत नियामक आयोगाने घरगुती तोडणी थांबवावी. थकबाकी माफ करू नये, हप्ते पाडून द्यावेत. तिसरं, भाडेकरार किंवा रहिवासाचा पुरावा दाखवणाऱ्याला मालकाच्या सहीशिवाय स्वतःचं मीटर मिळावं. यातलं पहिलं आणि दुसरं पुढच्या एप्रिलच्या आत, एकही नवी कचेरी न उघडता होऊ शकतं.