‘हौशी’ म्हणालात म्हणून एवढं लिहितोय

नमस्कार,

मामाच्या फेंडर डिलक्स रिव्हर्ब या गिटारच्या अ‍ॅम्पचा फाटलेला स्पीकर पुण्याच्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) दुरुस्त करून आणला त्याबद्दल मागच्या महिन्यात लिहिलं होतं, त्यावर परवा रात्री पावणेबाराला तुमची कमेंट आली. नावाच्या जागी नुसतं ‘एक वाचक’. चालेल, बिननावाच्या माणसालाही उत्तर देतो. बाकीच्यांनी वाचली नसेल तर थोडक्यात सांगतो: स्पीकर कोणत्या सालचा हे मी चुकीचं लिहिलं, दुरुस्त करण्यापेक्षा नवीन टाकून मूळचा जपून ठेवायला हवा होता, गल्लीतली कॉइल (कोनाला मागून चिकटवलेली तारेची गुंडाळी) मूळच्यासारखी नसते, स्पीकर काढलेला असताना मी अ‍ॅम्प चालू केला ते धोक्याचं होतं, ऑक्सफर्ड कंपनीचा स्पीकर तसाही फालतूच, आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं, “हौशी लोकांनी अशा वस्तूंना हात न लावलेलाच बरा.”

आधी जे बरोबर आहे ते मान्य करून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको की हा ऐकूनच घेत नाही. स्पीकरच्या लोखंडी कडेवर ४६५-६३२ असा आकडा छापलाय. ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड हे मला माहीत होतं (जेन्सन कंपनीचा असता तर २२० असतं). पुढचं ६३२ मी ६३ सालचा दुसरा महिना असं वाचलं. तुम्ही म्हणता ६ म्हणजे १९६६ आणि ३२ म्हणजे बत्तिसावा आठवडा. बरोबर आहे. म्हणजे ऑगस्ट १९६६. लेखात दुरुस्ती केलीय. सीबीएस या अमेरिकी रेडिओ-टीव्ही कंपनीनं फेंडर कंपनी घेतली जानेवारी १९६५ मध्ये, त्यामुळे “सीबीएसच्या आधीचा” असं मी लेखात जे दोनदा (बरं, तीनदा) लिहिलं होतं तेही काढलं. झालं समाधान? पण त्यासाठी “एवढंही माहीत नसेल तर” अशी सुरुवात करायची काही गरज होती का? “अहो, ३२ हा आठवडा असतो” एवढंच लिहिलं असतंत तरी मी तितक्याच लगेच बदललं असतं.

आता हौशी.

हा शब्द तुम्ही शिवी दिल्यासारखा वापरलाय. आपल्याकडे हौसेला मोल नसतं असं म्हणतात. सरकार दरवर्षी नाट्यस्पर्धा घेतं तिच्या नावातच हौशी आहे, आणि ऑफिस सुटल्यावर तालमी करणारी, स्वतःच्या खिशातून नेपथ्याचे पैसे भरणारी माणसं तिथं जे करतात ते बघून भले भले धंदेवाईक गप्प बसलेत. हौशी म्हणजे पैसे न घेणारा. हौशी म्हणजे अर्धवट असं कधीपासून झालं?

आणि मी कोण हे तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो, बढाई म्हणून नाही. १९८६ पासून गिटार वाजवतोय. पहिली गिवसन या देशी कंपनीची, तीही सेकंडहँड, तारा इतक्या उंच की बाराव्या पट्टीवर तारांखालून पेन्सिल आरपार जायची. अ‍ॅम्प कुठला, मंडळाच्या अहुजात पिन खुपसायची आणि अनाउन्सरचा माइक बंद झाला की शिव्या खायच्या. नंतर ऑर्केस्ट्रात नऊ वर्षं काढली, सातारा, नगर, सोलापूर, गणपतीच्या दहा दिवसांत तेरा-चौदा कार्यक्रम, टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांवर झोपून रात्रीचा प्रवास. बार्शीला एकदा संध्याकाळी पाचला पाऊस आला, दोन स्पीकरचे कोन (आतले कागदी पडदे) पार लगदा व्हायच्या बेतात होते, तेव्हा शंभरच्या बल्बखाली वाळवून, कड सुटली होती तिथं वर्तमानपत्राचा कागद फेविकॉलनं चिकटवून साडेनऊला पडदा वर गेला होता साहेब. तेव्हा तुम्ही कुठं होतात माहीत नाही. आणि तेव्हा मला कोणी विचारलं नाही की तुमच्याकडे हात लावायचं लायसन्स आहे का.

हे सगळं लिहायचं नव्हतं खरं तर. पण तुम्ही लिहायला लावलंत.

दुसरी गोष्ट, मूळ लेख तुम्ही पूर्ण वाचला असता तर कळलं असतं की हात मी लावलेलाच नाही, किंवा अगदी थोडा लावलाय. या अ‍ॅम्पची पाठ अर्धी उघडी असते, तिथं आपण सगळेच वायरी, फूटस्विच, काय वाट्टेल ते कोंबतो, मी घडीचा म्युझिक स्टँड कोंबला आणि त्याचा पाय कोनात गेला. चूक माझी, ते लेखात मीच लिहिलंय, तुम्ही शोधून काढलेलं नाही. कडेजवळ बोटभर फाटलं होतं. ते मी घरी चिकटवलं, रिकाम्या टी-बॅगचा कागद, फेविकॉल पाण्यात पातळ करून, पुढून एक थर, मागून एक थर. फेविक्विक नाही, सिलिकॉन नाही, कारण ते वाळल्यावर एक तर काचेसारखं कडक होतं नाहीतर कोनाला जड करतं. एवढंच हौशी माणसाचं काम.

पण मग स्पीकर लावला तर खालच्या ‘ई’ला, म्हणजे सगळ्यात जाड तारेला, खर्र. दोन्ही अंगठ्यांनी कोन हळूच आत दाबून बघितला तर कॉइल घासतेय हे बोटांनाच कळलं. म्हणून तपकीर गल्ली. तिथल्या माणसाचं नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. ३० वर्षं हेच काम. त्यांनी आधी काही न बोलता कोन दाबला, कान जवळ नेला, आणि म्हणाले, “कॉइल फुगलीय, कोन चांगलाय, कोन ठेवू.” ब्लेडनं मधली टोपी गोल कापली, ती बाजूला नीट ठेवली, जुन्या कॉइलचा जोड थिनरनं सोडवला, मॅग्नेटच्या गॅपमध्ये चिकटपट्टी फिरवून कचरा काढला. मग ड्रॉवरमधून कोणाच्या तरी छातीच्या एक्स-रेची फिल्म काढून तिच्या पट्ट्या कापल्या आणि नव्या कॉइलच्या आत चारी बाजूंनी सरकवल्या, म्हणजे गोंद वाळेपर्यंत कॉइल बरोबर मधोमध राहते. पट्टीवर बरगडीचा एक तुकडा दिसत होता. रात्रभर तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी पट्ट्या ओढून काढल्या, टोपी परत चिकटवली, १,८०० रुपये घेतले. मीटरवर ६.१ दाखवतोय, आणि आठ ओमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपासच दाखवतो हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकतो.

या माणसाला तुम्ही “गल्लीतले” म्हणालात. म्हणजे हौशी नको, आणि ज्याचं पोटच यावर आहे तोही नको. मग हात लावायचा कोणी? तुम्ही लावणार होतात का?

कॉइल मूळच्यासारखी नाही म्हणता. मूळची कागदी नळीवर होती, ही पिवळट प्लॅस्टिकसारख्या नळीवर आहे. असेल फरक. मला ऐकू येत नाही, तुम्हाला येत असेल तर तुमचे कान देवाचे.

नवीन टाकून जुना जपून ठेवा, हेही सांगून झालं. परदेशात लोक करतात, माहीत आहे, विकताना मूळ स्पीकर खोक्यात दिला की भाव मिळतो. पण मला विकायचा नाहीये. मामानं १९८४ साली न्यू जर्सीहून सामानात घालून आणलेला अ‍ॅम्प आहे, त्याच्यासोबत आलेला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरच दोन वीट वजनाचा होता. तो स्पीकर माळ्यावर खोक्यात घालून पुण्याच्या पावसाळ्यात त्याला बुरशी आणायची आणि खाली नवा वाजवायचा, याला जपणं म्हणतात? आजीच्या नथीची तार तुटली तर सोनाराकडे नेऊन तार बदलतो आपण, नथ तिजोरीत टाकून बाजारातून दुसरी आणत नाही. (बाहेरून मागवायचा तर वरचं भाडं आणि कस्टम्स किती होतं हे तुम्हाला माहीत असेलच, तुम्हाला सगळंच माहीत आहे.)

आणि एक गंमत सांगू? तुम्ही वरती लिहिलंय की ऑक्सफर्ड फालतू, जेन्सन असता तर गोष्ट वेगळी. चार ओळींनंतर लिहिलंय की मूळचा स्पीकर बिघडवून मी ऐतिहासिक वस्तूचं वाटोळं केलं. एक काहीतरी ठरवा राव. फालतू असेल तर वाटोळं कशाचं, आणि ऐतिहासिक असेल तर फालतू कसा? हे मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.

राहता राहिलं स्पीकर नसताना अ‍ॅम्प चालू करणं. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला लोड (म्हणजे स्पीकर) नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, हे मलाही ठाऊक आहे. पण फेंडरच्या स्पीकरच्या जॅकमधून पिन काढली की आतल्या आत शॉर्ट होतं, तो उघडा राहत नाही, म्हणून लोक सांगतात तेवढं भयंकर नाही. आता त्या दिवशी मी पिन काढली होती की पिन तशीच ठेवून स्पीकरच्या टोकाची वायर सोडवली होती हे मला नक्की आठवत नाही. अ‍ॅम्प चालतोय. विषय संपला.

बाकी तुमच्या कमेंटमध्ये रिव्हर्बच्या स्प्रिंगबद्दल आणि माझ्या शुद्धलेखनाबद्दल जे आहे त्याला उत्तर देत बसत नाही. तुम्हाला कमेंट करायची मुभा आहेच, पुढच्या वेळी नाव लिहा, मी चहाला बोलावीन, वाजवून दाखवीन. फक्त एक आधीच सांगून ठेवतो, या आठवड्यात खालच्या ‘ई’ला आवाज पाचच्या वर नेला की बारीक खर्र येतेय, पण ती कॅबिनेटच्या मागच्या फळीचा स्क्रू ढिला झालाय त्याची आहे, कॉइलची नाही.