भैरू, सोफा आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार. भैरू म्हणजे पहिल्या घराने ब्रीडरकडे, कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याकडे, परत केलेला आणि मग आम्ही घेतलेला रॉटवायलर. त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कुत्रा ब्रीडरकडे परत करणाऱ्यांना मी पाठीशी घालतो, लेख फार गोड झालाय, आणि "घरात मालक कोण हे त्याला एकदा उताणा पाडून दाखवलं असतं तर रॉटवायलर काय, वाघही सरळ झाला असता." वीस वर्षं अल्सेशियन सांभाळलेला माणूस हे लिहितोय, तेव्हा उडवून लावणार नाही.

उताणा पाडण्यापासूनच सुरू करतो, कारण तो प्रयोग झालेला आहे. पहिल्या घरी असताना एका ट्रेनरने नेमकं हेच केलं. मानेची कातडी धरून खाली पाडायचं, वर गुडघा. तीन वेळा भैरू निपचित पडला. चौथ्या वेळी त्याने ट्रेनरचं मनगट फोडलं, तेही न गुरगुरता. गुरगुरलं की मार बसतो एवढं तो शिकला होता, म्हणून त्याने ती पायरीच गाळली. आमच्याकडे आल्यावर पहिले दोन महिने त्याला पुन्हा गुरगुरायला शिकवण्यात गेले म्हणा ना. तो गुरगुरला की आम्ही थांबायचो, मागे सरायचो. शेजारचे हसायचे.

लांडग्यांच्या कळपात एक 'अल्फा', म्हणजे बाकीच्यांना दाबून ठेवणारा म्होरक्या असतो, हा दाखला तुम्ही दिलात म्हणून सांगतो. या 'अल्फा'च्या कल्पनेचं बीज प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या अभ्यासात आहे, आणि तो स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास होता. चाळीतल्या नळावरची भांडणं बघून मराठी कुटुंबावर प्रबंध लिहावा, तसं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांच्या १९७०च्या पुस्तकामुळे ती कल्पना घरोघरी गेली, आणि १९९९मध्ये खुद्द मेच यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी रोज कुस्ती चालत नाही.

मग भैरू हट्टी नाही का? आहे हो! सत्तेचाळीस किलोंचा हट्ट आहे. सोफ्याचा डावा कोपरा त्याचा. तिथून उठवायला गेलं की ओठ वर जायचा, आणि पहिल्या घरी यालाच "डॉमिनन्स", म्हणजे वरचढपणा, म्हणत. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर मागच्या दोन्ही खुब्यांचा सांधा सैल, हिप डिस्प्लेशिया. पट्ट्याला धरून खाली ओढलं की त्याला कळ यायची. आता औषध चालू आहे, वजन उतरवतोय, आणि त्याला ओढून कुणी उठवत नाही. जमिनीवर कलेजीचा तुकडा टाकला की तो स्वतःच उतरतो. तुम्ही म्हणाल, ही लाच झाली. झाली.

खुबे धड असते तरी तो सगळाच सरळ झाला असता असं नाही. दारातून तो आधी जातो, खांद्याने गुडघ्याला रेटतो. जर्मनीतल्या रॉटवाइल गावचे खाटीक या जातीकडून गुरं हाकून घेत. रेटणं हे त्याच्या रक्तातलं कामच आहे. हाड मात्र खरी अडचण. ते तोंडात असताना जवळ गेलेलं त्याला आजही खपत नाही. म्हणून हाड जाळीच्या दाराआड, एकट्याला, आणि त्या वेळात घरातलं कुणी तिकडे फिरकत नाही.

आता परत करणाऱ्यांबद्दल. दोन लहान मुलं, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यात मार्च २०२४मध्ये कुत्र्यांच्या तेवीस जातींवर बंदी घालण्याबद्दलचं केंद्राचं पत्र निघालं. त्यात रॉटवायलर होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र एप्रिलमध्ये रद्द केलं, पण सोसायटीच्या मीटिंगला तेवढा धीर कुठला? पहिल्या घरच्यांनी भैरूला हायवेवर सोडलं नाही, खोटं बोलून कुणाच्या फार्महाउसवर बांधलं नाही. जिथून आणला तिथे नेला आणि चावल्याचं लेखी दिलं. ब्रीडरने तो कागद आमच्यासमोर ठेवला, तेव्हाच आम्ही घ्यायचं की नाही ते ठरवू शकलो. माझा राग आहे तो तिसऱ्या मजल्यावर चाळीस-पन्नास किलो होणारं पिल्लू विकलं गेलं त्यावर, आणि तो मी ब्रीडरला तोंडावर बोललोय.

पण लेख गोड झाला हे तुमचं बरोबर. मनगटाची गोष्ट मी त्यात लिहिलीच नव्हती. भैरूबद्दल लोकांचं मत खराब होईल म्हणून गाळली. तो लेख वाचून एका बाईंनी विचारलं, आमची मुलगी चार वर्षांची आहे, असा परत आलेला कुत्रा घ्यावा का. मी घाबरलो. त्यांना नको म्हणून कळवलंय, आणि लेखात तो परिच्छेद आज घातलाय.

कधी पुण्याला आलात तर या. आधी फोन करा, म्हणजे त्याला तोंडाची जाळी लावून ठेवतो. आल्यावर त्याच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, वास घेऊ द्या. आणि उजव्या कोपऱ्यात बसा.