दया, आधी बेल वाजव

‘सीआयडी’च्या कालच्या भागाचं परीक्षण लिहायला बसलोय, पण भाग मला धड पाहूच दिलेला नाही. पहिल्या जाहिरातीच्या आतच शेजारच्या निवृत्त हवालदारकाकांनी जाहीर केलं, "मेहुणा. काही काम नसताना कॅमेरा ज्याच्या तोंडाजवळ जातो, तो."

बंगला, प्रेत, एसीपी प्रद्युम्नची १९९८ पासून हवेत फिरणारी बोटं. इथवर ठीक होतं.

"पंच कुठायत?" काका.

"कसले पंच?"

"अरे, पंचांशिवाय पंचनामा होतो का? दोन तरी हवेत. आणि तो बघ, रक्ताचा रुमाल थेट प्लास्टिकच्या पिशवीत! ओलं रक्त प्लास्टिकात कोंडलं की बुरशी धरते, नमुना कुजतो. आधी सावलीत वाळवायचा, मग कागदी पाकीट, लाखेचं सील, वर पंचांच्या सह्यांचं लेबल."

"काका, जरा ऐकू द्या ना."

"ऐक की. १ जुलै २०२४ पासून झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे. मोबाइल कोणाच्या हातात दिसतोय का?"

"अहो, अख्खं चित्रीकरणच चाललंय!"

"ते चॅनेलचं. पोलिसांचं कुठाय?"

यावर काय बोलणार? तेवढ्यात दयाने दार तोडलं. माझीही एक जुनी शंका आहे. मुंबईतल्या फ्लॅटला बाहेरून जाळीचा दरवाजा असतो आणि तो बाहेरच्या बाजूला उघडतो. त्याला लाथ मारली तर तो चौकटीतच आणखी घट्ट बसणार. हा दरवाजा दयाच्या वाट्याला कसा येत नाही? काकांना याचं सोयरसुतक नव्हतं. "कायद्याने आधी दार उघडा म्हणून सांगावं लागतं. नाही उघडलं तरच तोडायचं. बेल वाजव म्हणावं."

मग डॉ. साळुंखे. परीक्षानळीत थेंब पडला, रंग बदलला, डीएनए जुळला. चहाला उकळीही आली नसती. खरं तर नमुन्यातून डीएनए वेगळा काढायचा, किती मिळाला ते मोजायचं, पीसीआरने त्याच्या प्रती वाढवायच्या, मग यंत्रात तुकडे लांबीनुसार वेगळे करायचे. सगळं सुरळीत झालं तरी दिवस मोडतो. प्रयोगशाळेतली रांग वेगळीच.

शेवटी थप्पड आणि कबुली. "शून्य!" काका कडाडले. "पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं २३. सुटला तुझा मेहुणा."

माझा मेहुणा?

उठता उठता म्हणाले, "पुतण्या चौकीत आहे माझा. सायकलचोरीच्या पंचनाम्याला पंच मिळेना, तुझं नाव दिलंय. सकाळी १० ला."

पंच मिळत नाहीत ते उगाच नाही. सही १० मिनिटांची, पण समन्स काही वर्षांनी येतं. रजा टाकून दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसा, संध्याकाळी कळतं की पुढची तारीख पडली. साक्षीला उभं राहिलात तर वकील विचारणार, सायकलची घंटी डावीकडे होती की उजवीकडे?

राहिला तो मेहुणा. थप्पड बसली तेव्हा काका पडद्यासमोर उभे राहून चपला शोधत होते. खाल्ली कोणी, ते मला अजून माहीत नाही.