उणे चाळीस

माझी गाडी १९ वर्षांची आहे. माणसाच्या हिशेबात नुकतं मिसरूड फुटण्याचं वय, गाडीच्या हिशेबात पेन्शनचं. तरी आमचं बरं चाललं होतं. मागची डावी काच फक्त खाली जायची आणि हॉर्न फक्त स्टिअरिंग उजवीकडे वळलेलं असताना वाजायचा, एवढंच. महिन्याभरापूर्वी तर मी उत्साहाच्या भरात बोनेटखालचे सगळे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे प्लग, उपसून, स्प्रे मारून, पुसून, अंगठ्याने दाबदाबून पुन्हा बसवलेही होते. पण ते असो.

एका सकाळी सेल्फ मारला तर गाडी बराच वेळ नुसती कण्हली, सुरू झाली ती काळा धूर ओकत, आणि डॅशबोर्डवर तो इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. घरातलं माणूस 'काही नाही' म्हणून तोंड फिरवतं ना, तसा हा दिवा. काहीतरी आहे एवढं नक्की. काय आहे ते ओळखणं आपल्याकडे.

"बॅटरी," शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले. जगात जे काही सुरू होत नाही ते बॅटरीमुळे, असं काकांचं ठाम मत आहे. मी मीटर लावून दाखवला. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४.१. बॅटरीही ठणठणीत, तिला चार्ज करणारा अल्टरनेटरही. काकांनी मग मीटरच्या बॅटरीवर संशय घेतला.

स्टिअरिंगखाली १६ पिनांची एक खोबण असते, तिथे गाडीच्या कॉम्प्युटरची तक्रार वाचणारा स्कॅनर जोडायचा. ज्याने ही जागा ठरवली त्याला मान, कंबर किंवा चष्मा यांपैकी काहीही नसावं. डोकं पेडलपाशी आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत मी कोड वाचला : पी०११८. इंजिनातल्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा. आकडा पाहिला तर उणे ४०.

आधी वाटलं, सेल्सिअस-फॅरनहाइटचा घोळ असेल. पण नेमकं उणे ४० हेच असं ठिकाण आहे जिथे दोन्ही मापं एक होतात, त्यामुळे तीही पळवाट बंद. मी घामाने निथळत होतो, बोनेटला हात लावला तर चटका बसत होता, आणि गाडीची अशी समजूत की आपण बर्फात रुतलोय. म्हणून ती बिचारी थंड इंजिनाला द्यावं तसं भरमसाट पेट्रोल पाजत होती. वर रेडिएटरचा पंखाही पूर्ण वेगात. म्हणजे हुडहुडी भरली म्हणून दुलई ओढायची आणि न जाणो, उकडलं तर म्हणून पंखाही लावून ठेवायचा. घाबरलेल्या कॉम्प्युटरचं तर्कशास्त्र हे असं.

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलं, स्कॅनरकडे पाहिलं, आणि सेन्सरचा कपलर उपटला. "साहेब, बघा." वायरचा एक तुकडा घेऊन त्यांनी कपलरच्या दोन पिना आपसांत जोडल्या. स्क्रीनवर उणे ४० वरून आकडा टुणकन सव्वाशेच्या वर. "वायरिंग चांगलंय, कॉम्प्युटर चांगलाय. सेन्सर गेला." परीक्षा अगदी रीतसर होती. कॉम्प्युटर त्या वायरवर ५ व्होल्ट ठेवून बसलेला असतो. सेन्सर तापेल तसा त्याचा रोध उतरतो आणि व्होल्ट खाली येतात. सर्किट तुटलं तर पाचच्या पाच तसेच राहतात, आणि कॉम्प्युटर त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावतो. नवा सेन्सर बसला, कोड पुसला, दिवा गेला. मी मिस्त्रींचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

तिसऱ्या दिवशी गतिरोधकावर गाडी उडाली आणि आम्ही पुन्हा उणे ४० वर उतरलो.

आता मात्र माझ्यातला शास्त्रज्ञ चवताळला. मी जुना सेन्सर घरी आणला, त्याच्या दोन टोकांना मीटरच्या क्लिपा लावल्या आणि त्याची पितळी बोंडी पातेल्यातल्या पाण्यात सोडली. गार पाण्यात रोध अडीच किलोओहम. गॅस पेटवला. दोन, दीड, एक... पाणी वाफाळलं तेव्हा तीनशे ओहम. एकही आकडा न अडखळता, शहाण्या मुलाने पाढे म्हणावेत तसा उतरला.

"काय शिजतंय?" बायकोने विचारलं.

"सेन्सर. निर्दोष आहे गं बिचारा."

"आणि पातेलं?"

पातेल्याबद्दल मी काही बोललो नाही.

म्हणजे सेन्सर चांगला. गाडीपाशी जाऊन कपलरमध्ये मीटरच्या सुया घातल्या, बरोबर ५ व्होल्ट. म्हणजे वायरिंगही चांगलं. दोघं वेगवेगळी भेटली की गुणी, एकत्र आणली की अबोला. नीट वाचलं तर कोडही कुठे म्हणत होता सेन्सर मेला म्हणून? 'सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त' एवढीच त्याची तक्रार. सेन्सरला फासावर आम्हीच चढवला होता.

काका आले, "बॅटरी बघितली का पुन्हा?" म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता कपलरवर बोटाने टकटक केलं. आकडा ८८ झाला. बोट काढलं, उणे ४०. पुन्हा टकटक, ८८. काकांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मला घेरी यायची बाकी होती.

मी कपलर काढला, तोंडात टॉर्च धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. दोन चौकोनी भोकं. डावीकडच्या भोकात पितळी पिन दारातच उभी, चकचकीत. उजवीकडची मात्र खोल आत, दोनेक मिलिमीटर मागे सरकलेली. तिला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची जीभ मोडली होती, त्यामुळे समोरून सेन्सरची पिन आली की ही मागे सरायची. मीटरची सुई बारीक आणि लांब, ती आतपर्यंत पोचायची. मिस्त्रींची वायरही पोचायची. पोचत नव्हता तो फक्त सेन्सर, ज्याच्यासाठी हा सगळा संसार मांडला होता. काकांच्या टकटकीने दोघांची क्षणभर गाठ पडायची, इतकंच.

मागून वायर ढकलून पिन पुढे आणली, मिस्त्रींकडून नवा कपलर टाकून घेतला, दिवा विझला. खणात आता एक जुना, धडधाकट, उकळलेला सेन्सर आहे.

"शेवटी निघालं काय?" बायकोने विचारलं.

"एक पिन मागे गेली होती. एवढीशी."

"अशी कशी मागे जाईल आपोआप? कुणी जोरात दाबलं असेल."

"गाडी जुनी झाली की होतं असं," मी म्हणालो आणि पातेलं घासायला घेतलं.