नागिणीची गोळी आणि तिची 'शेपटी'

"ॲसायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर एकच. कंपनीने जुन्या औषधाला शेपटी जोडली, नाव बदललं, भाव वाढवला. केमिस्टकडून गोळीला गोळी बदलून घ्या." नागिणीवरचा हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर तिसऱ्यांदा आलाय.

'एकच' हे अर्धं खरं आहे. शेपटी आहेच: व्हॅलीन, डाळीच्या प्रथिनातही असतं तेच अमिनो आम्ल. आतड्यात आणि यकृतात ती तुटते आणि रक्तात फिरतं ते ॲसायक्लोव्हिरच. मग जोडायची कशाला? कारण नुसतं ॲसायक्लोव्हिर तोंडावाटे घेतलं तर जेमतेम 10 ते 20 टक्के रक्तापर्यंत पोचतं. आतड्याच्या अस्तरात प्रथिनांचे छोटे तुकडे आत ओढणारे वाहक असतात. व्हॅलीन चिकटलेलं दिसलं की ते या रेणूलाही आत घेतात, वऱ्हाडातलाच समजून! प्रमाण जातं 54 टक्क्यांच्या आसपास.

'फरक फक्त भावात'? 1995 साली पन्नाशीपुढच्या 1,141 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. पुरळ दोन्हींनी सारखंच सुकलं, हे कबूल. पण निम्म्या रुग्णांचं दुखणं थांबायला ॲसायक्लोव्हिरवर 51 दिवस लागले, व्हॅलासायक्लोव्हिरच्या सात दिवसांच्या कोर्सवर 38. नागिणीची आग ज्याने सोसलीय त्याला हे तेरा दिवस विचारा.

कंपन्यांवरचा संशय मात्र उगाच नाही. किरकोळ बदल करून पेटंट लांबवण्याचे प्रकार होतात, म्हणून तर आपल्या पेटंट कायद्यात कलम 3(ड) आहे. परिणामकारकतेत ठळक फरक दाखवला नाही, तर क्षार, एस्टर (मूळ रेणूला आम्ल जोडून केलेलं रूप) वगैरे रूपं जुनाच पदार्थ मानली जातात. व्हॅलासायक्लोव्हिर हे एस्टरच.

खरा धोका 'गोळीला गोळी'त आहे. नागिणीला व्हॅलासायक्लोव्हिर 1000 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात, ॲसायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम पाचदा. तीनाच्या जागी तीन घेतल्या तर रक्तात निम्म्याहूनही कमी औषध पोचेल. आमच्या आत्याने ॲसायक्लोव्हिरच घेतलं होतं. सात, अकरा, तीन, सात, अकरा असा कागद फ्रिजवर चिकटवलेला. रात्री अकराला ती गाढ झोपलेली असायची. दोनदा गोळी राहिलीच. स्वस्त पडतं म्हणून जुनं हवं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते लिहून देतील. पण मग पाच वेळा. किडनीचा त्रास असेल तर तेही आधीच सांगा, दोन्ही औषधांचा डोस कमी करावा लागतो.