काका, लेहची थंडी वेगळी आणि हेलसिंकीची वेगळी

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्रीच वाचली होती. लगेच उत्तर दिलं असतं तर ते तणतणत दिलं असतं, म्हणून चार दिवस थांबले.

बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगते. 'जानेवारीत पाच दिवस हेलसिंकी, सात किलोची बॅग' या माझ्या लेखातली यादी बेजबाबदार आहे, असं काकांचं म्हणणं आहे. त्यांनी नोकरीत लेहला दोन हिवाळे काढलेत. त्यांच्या मुलीने माझी यादी वाचून दोन जाड स्वेटर घरीच ठेवले. काकांनी मात्र तिला 'निदान दोन-दोन पायमोजे तरी घाल' असं बजावलं होतं, ते तिने ऐकलं. तरी तिसऱ्या दिवशी तिच्या हातापायांची बोटं इतकी गारठली, की उरलेली सहल हॉटेलच्या खोलीत गेली. प्रतिक्रियेचा शेवट असा: 'हलकी बॅग मिरवायची हौस दुसऱ्याच्या जिवावर नको.'

हे शेवटचं वाक्य झोंबलं, कारण त्यातलं अर्धं खरं आहे.

आधी ते अर्धं. बुटांवर मी लेखात एकच ओळ लिहिली होती, 'चांगले स्पोर्ट्स शूज चालतील.' नाही चालत. आणि हे मला लेख लिहितानाही ठाऊक होतं. पहिल्या खेपेला दुसऱ्याच दिवशी मी बंदराजवळच्या बाजाराच्या चौकात रस्ता ओलांडत होते. फुटपाथच्या कडेला छान पांढरा बर्फ दिसला, पाय टाकला, तर खाली घोट्यापर्यंत पाणी. वरून बर्फ, आत बर्फाचं सरबत. फिनिश लोक याला 'लोस्का' म्हणतात. माझे बूट जाळीचे होते, पुण्यात टेकडीवर पळायला जाते तेच. पहिले दोन-तीन क्षण काहीच कळलं नाही, मग पायाची करंगळी आपली नाहीच असं वाटायला लागलं. हॉटेलात येऊन रिसेप्शनवरून जुनं वर्तमानपत्र मागितलं, त्याचे बोळे बुटात कोंबले आणि बूट हीटरला टेकवून झोपले. सकाळी एका बुटाचा तळ सुटला होता, पुढून आ वासून बसला होता. मग तिथे बूट घेतले, आणि त्या पैशांत इथे आरामात तीन जोड आले असते.

हा किस्सा मी लेखात घातला नाही. 'सात किलोत सगळं जमतं' असं ठणकावून सांगायचं आणि मग बुटांची फजिती कबूल करायची, हे जरा जड गेलं. तुमच्या मुलीला त्याचा भुर्दंड पडला, त्याबद्दल मनापासून सॉरी.

आता स्वेटरांबद्दल मात्र मी भांडणार आहे.

लेह साडेतीन हजार मीटरवर. थंडी कोरडी, दिवसा ऊन कडक. आणि तुम्हीच लिहिलंय की खोलीत बुखारी (खोली तापवायची शेगडी) विझली की तांब्यातलं पाणी गोठायचं. म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडे गारठा. अशा ठिकाणी माणूस सकाळी जे अंगावर चढवतो ते रात्रीपर्यंत उतरवत नाही, आणि तिथे जाड स्वेटरावर जाड स्वेटर हेच बरोबर. हेलसिंकीत जानेवारीची सरासरी उणे ३-४ च्या आसपास असते. समुद्रकाठचं शहर, त्यामुळे एका आठवड्यात शून्याच्या वर जाऊन सगळं वितळतं आणि पुढच्या आठवड्यात उणे १५ ही होऊ शकतं. पण आत? हॉटेल, दुकान, संग्रहालय, मेट्रो स्टेशन, सगळीकडे गरम. शहर फिरायला गेलेला माणूस दिवसातून वीस वेळा या दोन ऋतूंमध्ये ये-जा करतो. ट्राममधून उतरलो, दहा मिनिटं चाललो, ओदी वाचनालयात शिरलो (२०१८ साली उघडलंय, फुकट आहे आणि तिसऱ्या मजल्यावरून बर्फ बघत बसायला यासारखी दुसरी जागा नाही), पुन्हा बाहेर. गळाबंद जाड स्वेटर डोक्यावरून काढायचा, केस विस्कटायचे, तो हातात धरायचा, पुन्हा घालायचा... चौथ्या वेळी कंटाळा येतो. मग तो अंगावरच ठेवून आपण आत घामाघूम होतो, आणि तो घाम घेऊन बाहेर वाऱ्यात जातो. खरी हुडहुडी तिथे भरते. आतला बनियन सुती असेल तर विचारूच नका, सुती कापड घाम धरून ठेवतं.

म्हणून माझ्या यादीतलं सगळं पुढून उघडणारं होतं. आत लोकरीचं पातळ थर्मल, त्यावर चेनचं फ्लीस (मऊ, हलकं, उबदार जाकीट), त्यावर वारा आणि पाणी अडवणारं, मांडीपर्यंत येणारं जॅकेट. दारात शिरता शिरता दोन चेनी खाली. संग्रहालयात तर जॅकेट खालीच ठेवायची सोय असते, ते टांगून फ्लीसवर फिरायचं.

आणि वजनाचं म्हणाल तर मी हे सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं आहे (आई म्हणाली, त्यावर कणीक मोजतो आपण). मावशीने विणलेला स्वेटर ८६० ग्रॅम. थर्मलचा अख्खा जोड ३४० ग्रॅम. जीन्स ७१० ग्रॅम, आणि ती भिजली की दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही, शिवाय वाऱ्यात मांड्यांना बर्फाच्या पत्र्यासारखी लागते. आतली हवा तिथे इतकी कोरडी असते की रात्री धुतलेलं थर्मल सकाळी खडखडीत. म्हणून दोन जोड पुरतात. त्याच कोरड्या हवेने ओठ मात्र फुटतात, तेव्हा व्हॅसलिनची डबी हवीच. ती लेखात होती, तेवढं तरी श्रेय द्या!

आता तुमच्याच प्रतिक्रियेकडे परत येते. मुलीला थंडी कुठे वाजली? बोटांना. हाताच्या आणि पायाच्या. पाठीला नाही, छातीला नाही. ते दोन स्वेटर असते तरी बोटं तशीच गारठली असती. आणि पायांच्या बाबतीत, रागावू नका, तुमचे दोन-दोन पायमोजेही थोडे नडले असणार. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन मोजे कोंबले की पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि ऊब धरायला आत हवाच उरत नाही. लेहला तुमचे बूट त्या हिशोबानेच मोठे दिले असतील. हेलसिंकीला जाताना बूट अर्धा-एक नंबर मोठा, पाणी आत न येणारा, घोट्याच्या वर जाणारा, आणि आत एकच जाड लोकरीचा मोजा. बोटं आत हलली पाहिजेत. वितळलेलं पाणी रात्रीत पुन्हा गोठलं की रस्त्याची काच होते. फुटपाथवर बारीक खडी टाकतात, तरी रबराचे खिळेवाले पट्टे बुटावर चढवायला मिळतात, ते घ्यावेत.

हातांचं कारण बहुतेक फोन. दर पाच मिनिटांनी हातमोजा काढून फोटो. मीही हेच केलं. आता आत पातळ मोजा, ज्याने स्क्रीन चालते, आणि त्यावर चार बोटं एकत्र राहतात तसा बोंगा मोजा. फोनही आतल्या खिशात, अंगाला लागून. आयफोनची कंपनी स्वतःच सांगते की तो ० ते ३५ अंशांत वापरा. सुओमेनलिनाच्या किल्ल्यावर, बोटीने जेमतेम पंधरा मिनिटं, माझा फोन ४० टक्क्यांवरून गप्पकन बंद पडला होता आणि परतीचं तिकीट त्यातच होतं.

यादीत दोन गोष्टी राहिल्या होत्या, त्या आता घातल्यात. एक, जॅकेटला लटकवायचा रिफ्लेक्टर. डिसेंबर-जानेवारीत दुपारी साडेतीन-चारला अंधार पडतो आणि अंधारात पायी चालणाऱ्याने तो लावावा असा तिथला कायदाच आहे. दुसरी, पोहण्याचा पोशाख. हसू नका, स्त्री-पुरुष एकत्र बसतात अशा सार्वजनिक सौनात (घाम काढायच्या गरम खोलीत) तो लागतो, आणि तिथे जाऊन सौना न घेणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न बघणं. जाता जाता, एका वाचक ताईंनी तूप आणि पेढ्यांचं विचारलंय. दुधाचे पदार्थ आपल्याकडून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. भडंग न्या.

तुमचा एक मुद्दा मात्र विनाअट मान्य. सात किलो हे चाळिशीच्या, धडधाकट, एकट्या बाईचं गणित आहे. आई-वडील, लहान मूल किंवा गुडघेदुखी बरोबर असेल तर चेक-इनची बॅग घ्या आणि जाडे कपडे खुशाल भरा. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात आता हे लिहिलंय. बुटांची ती ओळही काढून तिथे लोस्काचा किस्सा टाकलाय, फजितीसकट.

आणि मुलीचे ते बूट अजून ओले असतील तर हीटरजवळ ठेवू देऊ नका. पंख्याखाली, बोळे दर दोन तासांनी बदलून. माझ्या त्या तळ सुटलेल्या बुटाला आमच्या चौकातल्या चांभारकाकांनी दोन वेळा चिकटवलं, तिसऱ्यांदा म्हणाले, 'ताई, आता याला सोडा.'