धोंडोपंतांचं शिक्षण

आमच्या तिसरीतल्या कन्येला कुत्रा हवा होता. त्याला सकाळी सहाला फिरवून कोण आणणार, असा विषय निघाला तेव्हा आई आणि बायको यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेच्या धसक्याने मी पर्याय शोधू लागलो आणि मला गॅरी डाल सापडले.

डाल हे कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोसचे, जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरणारे गृहस्थ. १९७५ साली एका बारमध्ये त्यांचे मित्र आपापल्या कुत्र्यामांजरांची गाऱ्हाणी सांगत बसले होते. डाल म्हणाले, माझ्याकडे दगड आहे, त्याचा काही त्रास नाही. बाकीचे हसून घरी गेले असतील. डाल यांनी मात्र मेक्सिकोतल्या रोसारिटोच्या किनाऱ्यावरचे गोटे आणवले, पुठ्ठ्याच्या खोक्यात गवताची गादी करून त्यावर ठेवले, श्वास घ्यायला खोक्याला भोकं पाडली, सोबत संगोपनाची ३२ पानी पुस्तिका दिली आणि किंमत लावली चार डॉलरला पाच सेंट कमी. नाताळ उलटेपर्यंत दहा लाखांवर दगड खपले. दगडावर गबर झालेले लोक आपल्याकडेही आहेत म्हणा, पण ते आख्खा डोंगर खातात आणि पुस्तिकाही देत नाहीत.

मी रविवारी वेताळ टेकडीवरून एक मूठभर काळा दगड आणला. पाळीव दगड निवडताना गुळगुळीत घ्यावा असं माझं आता मत झालं आहे. मी घेतलेला खरबरीत होता, अंगभर बारीक भोकं. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे आतच अडकले की अशी भोकं राहतात, हे मी कन्येला समजावलं. या दगडाचं वय सुमारे ६.५ कोटी वर्षं आहे हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पिल्लू नाहीये."

आईने वेगळी हरकत घेतली. "वेताळाच्या टेकडीवरचा दगड घरात? विचारलंस का त्याला?" कोणाला, दगडाला की वेताळाला, हे मी विचारलं नाही. कन्येने दगडाचं नाव ब्रूनो ठेवलं. आई पहिल्या दिवसापासून त्याला धोंडोपंत म्हणते.

आता शिक्षण. 'बस' आणि 'थांब' या आज्ञा धोंडोपंत मी तोंड उघडायच्या आधीच शिकले होते. इतका तयार विद्यार्थी मी पाहिला नाही. मी स्वतः 'बस' शिकलो, पण 'बसून राहू नकोस' ही पुढची आज्ञा लगेच येते आणि तिथे माझा गोंधळ होतो. 'ये' म्हटल्यावर पंत येत नाहीत. अर्थात आमच्या घरात 'ये' म्हटल्यावर कोण येतं? 'लोळ' मात्र जमतं, फक्त उतार लागतो. आम्ही जिन्यावर सराव केला. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या दारापर्यंत पंत स्वतःहून गेले. काका बाहेर आले, त्यांनी दगड पाहिला, मग मला पाहिलं आणि दार आतून लावून घेतलं.

डाल यांच्या पुस्तिकेत म्हणे असा सल्ला होता की दगड नवा आणि बावरलेला असेल तर त्याला जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवावं, कशासाठी ते त्याचं त्याला कळतं. त्यांच्याकडे महिन्याच्या शेवटी रद्दीवाला येत नसावा. मी पंतांना गॅलरीतल्या गठ्ठ्यावर ठेवलं, वर बायकोने आणखी चार पेपर टाकले आणि शनिवारी सगळं सुतळीसकट काट्याला लागलं. रद्दीवाल्याने गठ्ठा हलवला, सुतळी सोडली, पंतांना दोन बोटांनी बाहेर काढलं आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा म्हणाला, "साहेब, तुमच्यासारख्यांनी असं करायचं?"

"अहो, तो पाळलाय," मी म्हणालो.

हे वाक्य बोलायच्या आधी माणसाने थोडा विचार करावा. त्या दिवसापासून तो आमची रद्दी दोनदा मोजतो.

जिव्हाळा वाढवायचा तर दगडाला वेळ द्यावा लागतो. मी संध्याकाळी पंतांना मांडीवर घेऊन बसू लागलो. बोलायला सुरुवात केली ती ऑफिसातल्या साहेबांपासून. पंतांनी मध्येच तोडलं नाही, 'आमच्या वेळी' म्हटलं नाही, मोबाइल पाहिला नाही. दगडाला पाझर फुटतो म्हणतात. आठव्या दिवशी माझ्या तळहाताला ओल लागली तेव्हा मी गहिवरलो होतो. नंतर कळलं, दुपारी पंत मिठात मुरायला ठेवलेल्या लिंबांच्या फोडींवर ताटली ठेवून त्यावर बसवलेले होते.

इथेच माझ्या लक्षात आलं की डाल यांचा धंदा आमच्या घरात दोन दिवस चालला नसता. त्यांचा दगड खोक्यात नुसता बसून लाड करून घेत होता. आमच्याकडे कोणी नुसतं बसलेलं कोणाला बघवत नाही. सकाळी पंत दाराला अडसर असत, दुपारी लिंबांवर दडपण, मधूनच सुंठ ठेचायला बोलावणं यायचं. माझ्या वाट्याला ते येत तेव्हा इतके दमलेले असत की मीच गप्प बसायचो.

परवा मात्र ते कुठेच सापडेनात. कन्येने घर डोक्यावर घेतलं. सोफ्याखाली, शूरॅकमध्ये, रद्दीत (आता पहिला संशय तिथेच) शोधून झालं. शेवटी न्हाणीघरातून खसखस असा आवाज आला. दार ढकललं तर आई पाटावर बसलेली, पाय बादलीत, आणि हातात धोंडोपंत. टाच एव्हाना गुलाबी झाली होती.

"आजी! ब्रूनो!"

आईने क्षणभर हात थांबवला. मग दुसरा पाय बाहेर काढत म्हणाली, "अगं, आंघोळ घालतेय त्याला. किती दिवस पारोसा होता बिचारा."

कन्या तिथेच उकिडवी बसली आणि त्याला साबण लावू लागली. बायकोने दारातूनच विचारलं, "आई, तुमचं झालं की मला द्याल?"